डाव्या बाजूचा खिसा

अशोक चौकातल्या शिंप्याला सांगितलं,
कुर्त्याला डावीकडे खिसा हवा, खोल, मनगट बुडेल इतका.
म्हणाला, मोबाईलला?
म्हटलं, हाताला.
त्याने चष्म्यावरून एकदा पाहिलं
आणि वहीत लिहिलं: खिसा, एक, डावा.

पॉलिटेक्निकचा ऑसिलोस्कोप
शिपाई वाघचौरेंनी सायकलच्या कॅरिअरवर आणला,
विटक्या चादरीत, वर सुतळीचे चार वेढे.
"मॅडम, रेघ थरथरतीय. सोमवारी प्रॅक्टिकल हाय."

साखर पेठ. मे. पत्र्याखाली त्रेचाळीस.
शेजारच्या मागांची खटखट भिंतीतून टेबलात येते,
टेबलातून स्क्रूंच्या वाटीत.

आधी प्लग. नुसतं बटण बंद करून भागत नाही.
मग बांगड्या, अंगठी.
मग मंगळसूत्र, ते खिळ्याला.
पहिल्या वर्षी सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत.
मग एकदा दुकानात आल्या, मी उघड्या यंत्रावर वाकलेली,
सोन्याच्या वाट्या कुठवर लोंबल्या असत्या
ते त्यांनी डोळ्यांनी मोजलं,
आणि दुसरा खिळा, जरा वर, जरा पक्का,
स्वतः ठोकून गेल्या.

चिलवेरी सर म्हणायचे,
बंद केलेलं यंत्र रुसलेल्या माणसासारखं,
बोलत नाही, पण विसरलेलंही नाही.
त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना
चहाचा पेला गरम लागत नसे.
कधीची गोष्ट, ते सांगत नसत.
फक्त माझा दुसरा हात चॅसीकडे निघाला की
मागून तेलुगूत, अगदी हळू: आगम्मा.
थांब गं.
वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली
तर वाटेत काय लागतं, ते आठव.

झाकण निघालं. धूळ, कापसाचे तंतू, एक वाळकी पाल.
मोठा कपॅसिटर डोक्याशी फुगलेला.
स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे असतात:
ठण्ण, ठिणगी, वर हसतात.
मी लांब दांडीला बांधलेला रेझिस्टर टेकवते,
मनात वीस मोजते,
मग मीटर, आणि त्याआधी
नऊ व्होल्टच्या सेलवर मीटरचीच परीक्षा.
अडतीस.
अजून अडतीस शिल्लक होते.
पुन्हा टेकवते.
ट्यूबच्या गळ्याशी लाल वायर आहे, तिचा हिशोब हजारांत.
आज तिच्याकडे काम नाही. तिच्यापासून वीतभर लांब.

नवा कपॅसिटर बसला, अधिक-उणे दोनदा पाहून.
मग सहज प्लग उघडला.
पिना तिन्ही शाबूत.
आत हिरवी तार कापून, दुमडून,
वर टेप गुंडाळलेला. नीट.
ज्याने केलं त्याला कळत होतं.
प्रोब लावला की फ्यूज उडत असेल,
म्हणून त्याने जमिनीची वाटच तोडली
आणि टोक लपवलं.

तार जोडली. पत्र्यापासून पिनेपर्यंत मीटर बीप झाला.
मग साठचा बल्ब सिरीजमध्ये:
क्षणभर भडकला, मग ओसरत ओसरत लालसर.
तसाच ढणढणत राहिला असता तर प्लग ओढला असता.
रेघ आली. हिरवी, सरळ,
मागांची खटखट चालूच, तरी सरळ.

बिलावर लिहिलं:
कपॅसिटर एकशे ऐंशी. मजुरी तीनशे.
अर्थची तार कापलेली होती, जोडली. शून्य.
"पैसे न्हाईत, तर लिवलं कशाला?"
वाचावं म्हणून.

वाघचौरे चादर पसरता पसरता थांबले.
"रोज मीच पुसतो ह्याला, मॅडम.
पावसाळ्यात हाताला मुंग्या यायच्या.
मला वाटलं, वय झालं."

मी डावा हात खिशातून काढला,
सुतळीचं एक टोक धरलं.
गाठ मारायला दोन्ही लागतात.